चोराने बर्फ का नेला?

१

फ्रिजचं दार जरा वेळ उघडं राहिलं तरी आमचे लॅबवाले काका अख्खी इमारत डोक्यावर घेतात. त्या दिवशी सकाळी मात्र ते स्वतःच दार सताड उघडं टाकून उभे होते. म्हणून मी आत डोकावले.

"बाटल्या गेल्या," ते म्हणाले.

"कोणाच्या?"

"तिच्याच. दादांच्या जागच्या जागी आहेत."

मी स्टूल ओढून फ्रिजसमोर बसले.

आधी मी कोण ते सांगते. सार्वजनिक आरोग्य शिकवणारं एक कॉलेज आणि शहराचं आरोग्य खातं, या दोघांची तोंडं वर्षानुवर्षं दोन दिशांना. ती एकमेकांकडे वळवायला सरकारने अनुदान दिलं. कॉलेजच्या मुलांनी वस्त्यांमध्ये काम करायचं, खात्याच्या माणसांनी त्यांना हाताखाली घेऊन शिकवायचं आणि दोघांनी मिळून एक लॅब चालवायची. योजनेचं सरकारी नाव एका दमात उच्चारता येत नाही, म्हणून आम्ही नुसतं 'जोड' म्हणतो. मी जोडची कारकून. माझा अर्धा पगार कॉलेज देतं आणि अर्धा खातं, म्हणून सगळे मला अर्धीबाई म्हणतात. बोलणी मात्र मी दोन्हीकडची पूर्ण खाते.

आणि 'ती' म्हणजे चष्मी. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, चेहऱ्यापेक्षा चष्मा मोठा. टेकडीखालच्या वस्तीत लहान मुलांना जुलाब सुरू झाले, तेव्हा तिथल्या नळांच्या पाण्याचे नमुने आणायचं काम तिला दिलं होतं. तिने आणलेलं सगळं पाणी तपासणीत स्वच्छ निघालं. तिचे निकाल पाहून खात्याने पाइप खणून बघायचं कामही थांबवलं. पण मुलं आजारी पडतच राहिली. मग खात्याचे पाणी-इन्स्पेक्टर, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, त्यांनी त्याच नळांचे नमुने स्वतः आणले. ते घाण निघाले.

दादांनी लेखी कळवलं की मुलगी वस्तीत जातच नाही, कॉलेजच्या नळावर बाटल्या भरून आणते.

चष्मीच्या काही बाटल्या न उघडता ठेवलेल्या होत्या. त्यांतलं पाणी कॉलेजच्या नळाचं आहे का, हे आज सकाळी सर्वांसमोर तपासायचं आणि दुपारी अनुदान समितीने निर्णय द्यायचा, असं ठरलं होतं. आरोप खरा ठरला तर चष्मीला कॉलेजातून काढणार होते. आणि आता त्या बाटल्याच नव्हत्या. तिला सोडवणारं काही असेल तर तेही गेलं होतं.

"बर्फाच्या पिशव्यासुद्धा नेल्या मेल्याने," काका पुटपुटले आणि त्यांनी एकदाचं दार लावलं.

२

समितीने चौकशीला काबाईंना पाठवलं. या निवृत्त आरोग्य अधिकारी. नोकरीत असताना दर वाक्याला 'का?' विचारायच्या, त्यामुळे हाताखालच्या लोकांनी हे नाव ठेवलं आणि त्यांनी ते मजेत वागवलं. पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी. आल्या आल्या त्यांनी कोपऱ्यातल्या नळाकडे पाहिलं. तिथे पाटी आहे : 'पाणी विहिरीचे आहे. उकळून प्यावे.'

"कॉलेजला शहराचं पाणी नाही?"

"नाही. पहिल्यापासून आमची स्वतःची विहीर," मी म्हटलं. "पाण्यात काही घालत नाहीत. उकळतो आणि पितो."

"बरं. लॅबची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्या खुर्चीमागे खिळ्याला."

"म्हणजे कोणीही घेऊ शकतं."

"हो."

"मग तुम्ही का नाही नेल्या बाटल्या?"

त्या खरंच उत्तराची वाट पाहत होत्या.

"मला ती मुलगी आवडते," मी सांगून टाकलं. "दुपारचा डबा माझ्याजवळ बसून खाते. तिच्या आईने शिवणकाम करून तिला इथवर आणलंय. ती खोटं बोलली असेल असं मला वाटत नाही."

"हे तर बाटल्या पळवायला फारच चांगलं कारण झालं," काबाई हसल्या. "चला, फ्रिज बघू."

काकांनी फ्रिज उघडला. दोघांच्या बाटल्या एकाच कप्प्यात मिसळून ठेवायची पद्धत होती. आता दादांच्या तेवढ्या उभ्या होत्या, मध्ये मध्ये मोकळ्या जागा. त्यांच्यातच एक बाटली बाकीच्यांपेक्षा थोडी कमी भरलेली होती.

"ही कोणाची?"

"तिचीच," काका म्हणाले. "काल संध्याकाळी तयारी म्हणून मी तिच्यातलं थोडं पाणी काढून घेतलं. मग म्हटलं, उद्या सर्वांसमोरच करू."

"तिचीच," काबाईंनी पुन्हा म्हटलं. "चोराने बाकी सगळ्या नेल्या. ही का ठेवली?"

काकांनी बाटली उचलून उजेडात धरली.

"आणि बर्फ का नेला?"

३

चष्मीला बोलावलं. डोळे सुजलेले होते, पण ती ताठ बसली.

"तू वस्तीत जायचीस?"

"दर वेळी गेले मॅडम. चालत. टेकडीवरून उतरताना एकदा पायही मुरगळला."

"दादा बरोबर असायचे?"

"पहिल्या दिवशी. त्यांनी नळ दाखवले, मी एक बाटली भरली. ते बघत होते. मग म्हणाले, 'येतंय की तुला सगळं,' आणि निघून गेले. नंतर मी एकटीच."

"ते स्वतः बाटली कशी भरतात, पाहिलंस?"

"नाही. त्यांनी कधी माझ्यासमोर भरलीच नाही."

"मग तू कोणाकडून शिकलीस?"

"आमच्या मॅडमकडून. वर्गात."

काबाईंनी तिला जाऊ दिलं. दारापाशी ती थांबली. "आईला अजून सांगितलं नाहीये," ती एवढंच म्हणाली.

मग मॅडम आल्या. कॉलेजच्या प्राध्यापिका, पाण्यातल्या क्षारांवर डॉक्टरेट मिळवलेल्या. जोडच्या उद्घाटनाच्या भाषणात त्या म्हणाल्या होत्या की, खात्याच्या कामाला आता शास्त्रीय शिस्त लागेल. त्या वाक्याला खात्याच्या रांगांमधून टाळी पडली नव्हती. माझ्यातल्या कॉलेजच्या अर्ध्या हिश्श्याने थोडी वाजवली होती.

"नमुना घ्यायची पद्धत काय शिकवली तुम्ही?" काबाईंनी विचारलं.

"जी जगभर आहे तीच. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग काठोकाठ भरायची. आत हवा राहता कामा नये."

"सगळे असंच भरतात?"

"दुसरं कसं भरणार?" मॅडमच्या भुवया वर गेल्या. "मी स्वतः शेकडो विहिरींचं पाणी असंच गोळा केलंय."

"इथल्या लॅबमध्ये येता कधी?"

मॅडम जरा अवघडल्या. "लॅब खात्याचे काका सांभाळतात. मी ढवळाढवळ करत नाही."

"वस्तीत?"

"वेळच कुठे मिळतो? वर्ग असतात, परीक्षा असतात." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पण माझी विद्यार्थिनी खोटं वागणार नाही. दादांना पहिल्यापासून आम्ही नको होतो. बाटल्या कोणी नेल्या, हे मी सांगायला हवं का?"

४

काका बाटल्या उकळत होते. त्यांना बोलतं करायला त्यांच्या कामाचं कौतुक पुरतं. काबाईंना हे न सांगताच कळलं.

"या रिकाम्या बाटल्या तुम्ही दोघांनाही देता?"

"दादांना आणि तिला, सारख्याच. आधी प्रत्येकीत औषधाचे थेंब घालतो, मग वाफेवर निर्जंतुक करतो, मग बूच."

"थेंब का?"

"क्लोरिनचा जोर मोडायला. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं ना." काकांनी हात पुसले. "गंमत म्हणजे काल संध्याकाळी दादांनीही हेच विचारलं. इतकी वर्षं माझ्याकडून बाटल्या नेतायत, पण कधी तोंडातून ब्र नाही. काल एकदम म्हणाले, काका, हे थेंब कशाला असतात?"

काबाईंचा हात पिशवीच्या बंदावर थांबला. "तुम्ही काय सांगितलंत?"

"आत्ता तुम्हाला सांगितलं तेच. ऐकलं आणि गेले."

"बाटल्यांवर नावं असतात?"

"छे. नुसते नंबर. बाटल्या भरून आल्या की मीच टाकतो, कोणाचा कोणता ते माझ्या डोक्यात. तपासताना मन कोणाकडे झुकू नये म्हणून."

"म्हणजे चष्मीच्या बाटल्या कोणत्या, हे फक्त तुम्हाला ठाऊक."

काकांना हे आत्ता उमगलं. त्यांच्या हातातलं बूच खाली पडून टेबलाखाली गेलं. ते उचलायला वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

५

दादा आवारात जीप धूत होते. ताजं धुतलेलं बोनेट पुन्हा पुसत होते, हे माझ्या लक्षात आलं. भरदार मिशा, कमी बोलणं. वस्तीतल्या बायका त्यांना घरचा माणूस समजतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

"बाटली कशी भरता?" काबाईंनी थेट विचारलं.

"नळाचं तोंड जाळून घ्यायचं, पाणी थोडं वाहू द्यायचं, बाटली धरायची. वर बोटभर जागा ठेवायची. नंतर हलवावी लागते."

"विसळता?"

दादांचा फडका थांबला. "नाही. विसळायची नसते."

"का?"

"ज्यांनी मला शिकवलं ते म्हणाले विसळायची नाही. म्हणून नाही." ते पुन्हा बोनेट पुसू लागले.

"चला, वस्तीत जाऊन येऊ," काबाई म्हणाल्या. "नको, जीप राहू द्या. आम्ही बायका चालत जातो."

टेकडी उतरताना माझा जीव मेटाकुटीला आला. त्या मात्र पुढे टणाटण चालल्या होत्या. पहिल्याच नळावर एक बाई कपडे धूत होती. चष्मा लावणारी मुलगी यायची का, असं विचारल्यावर तिने साबण खाली ठेवला.

"यायची तर. भांडण झालंय माझं तिच्याशी. इथे पाणी थोडा वेळ येतं आणि ही बाई बाटली विसळून विसळून सांडतेय. म्हटलं, अगं, नव्या बाटलीला कसली एवढी धूळ?"

मी आनंदाने काबाईंचा दंडच धरला. त्या मात्र दुसरंच विचारत होत्या.

"तुमच्या घरात कोण आजारी होतं?"

"धाकटा. थोरल्याला काही नाही झालं. तो आईबापाचं ऐकतो, रात्री भरून ठेवलेलंच पाणी पितो. धाकटा नळाला तोंड लावून पितो. किती ओरडले तरी ऐकत नाही."

"नळातलं पिणारा आजारी आणि तेच पाणी रात्रभर ठेवून पिणारा बरा," काबाई स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी मला विचारलं, "चष्मी बाटल्या घेऊन चालत परत यायची ना? तासभर तरी लागत असेल?"

"सहज."

"मग कोडं सुटलं. चोरसुद्धा सापडला," त्या म्हणाल्या आणि चढ चढू लागल्या. मी मागून विचारत राहिले, पण चढावर त्या बोलत नाहीत.

६

दुपारी समितीच्या खोलीत सगळे जमले. अध्यक्षांनी घसा खाकरला, पण काबाईंनी आधीच टेबलावर तीन काचनळ्या मांडल्या होत्या.

"पहिलीत कॉलेजच्या नळाचं पाणी आहे. दुसरीत दादांच्या बाटलीतलं आणि तिसरीत चष्मीच्या, म्हणजे फ्रिजमध्ये राहिलेल्या त्या एका बाटलीतलं. काका, तुमचं क्लोरिन बघायचं औषध टाका."

काकांनी थेंब टाकले. पहिली नळी तशीच राहिली. दुसरीही. तिसरीतलं पाणी हळूहळू पिवळसर झालं. रंग फिका होता, पण खोलीतल्या प्रत्येकाला दिसला.

"कॉलेजचं पाणी विहिरीचं, त्यात क्लोरिन नाहीच," काबाई म्हणाल्या. "चष्मीच्या बाटलीत आहे. म्हणजे ते पाणी कॉलेजच्या नळाचं नाही, शहराच्या नळाचं आहे. मुलगी खरं बोलत होती."

चष्मीने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. बराच वेळ पुसत बसली.

"पण दादांचं पाणीही शहराच्याच नळाचं," अध्यक्ष म्हणाले. "त्यात का नाही?"

"काकांच्या थेंबांमुळे. ते थेंब बाटलीत शिरल्या शिरल्या क्लोरिनचा जोर मोडतात. म्हणून नळाशी पाणी जसं होतं तसंच लॅबपर्यंत येतं, जिवंत जंतूंसकट. चष्मीने बाटली तीनदा विसळली आणि थेंब वाहून गेले. मग टेकडी चढेपर्यंत बाटलीत क्लोरिन आपलं काम करत राहिलं. लॅबमध्ये पोहोचलं ते स्वच्छ पाणी. रात्रभर भरून ठेवलेलं पाणी पिणारा मुलगा बरा राहिला, तोही त्यामुळेच. पाइप वस्तीजवळच कुठेतरी फुटलाय. घाण शिरते आणि क्लोरिनला वेळ मिळायच्या आत पाणी नळाला येतं."

मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. "विसळायला मी शिकवलं," त्या म्हणाल्या. "क्षारांसाठी विसळतात. जंतूंसाठी..." त्यांनी चष्मीकडे पाहिलं. "मी कधी विचारच केला नाही. माझी चूक आहे."

"आणि चोर?" अध्यक्षांनी विचारलं.

"नंबर लिहिलेल्या बाटल्यांतून चोराने चष्मीच्या बरोबर ओळखल्या. एक मात्र सोडली. नंबर फक्त काकांना माहीत, पण काका असते तर त्यांनी हीसुद्धा नेली असती. म्हणजे चोर नंबर बघत नव्हता, पाण्याची पातळी बघत होता. काठोकाठ भरलेल्या तिच्या, वर जागा असलेल्या दादांच्या. या बाटलीतलं पाणी काकांनी काढून घेतलं होतं, म्हणून ती त्याला दादांची वाटली. आता हा फरक ठाऊक कोणाला? मॅडमना वाटतं सगळेच काठोकाठ भरतात. चष्मीने दुसऱ्या कोणाला बाटली भरताना पाहिलेलंच नाही. अर्धीबाईंना बाटलीतलं काही कळत नाही."

हे खरं असलं तरी सर्वांसमोर म्हणायची गरज नव्हती.

"आणि मग बर्फ. बाटल्या नाहीशा करायच्या तर मोरीत ओतायला किती वेळ लागतो? पण या चोराला पाण्याचा नमुना उन्हात राहिलेला सहन होत नाही. उभा जन्म तेच केलंय त्याने." काबाई वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. "दादा, जीपमधल्या पेटीतला बर्फ टिकलाय ना अजून?"

दादा उभे राहिले.

"सकाळीच बदलला," ते म्हणाले.

७

त्यांनी काहीही लपवलं नाही. पहिल्या दिवशी पोरीला बाटली विसळताना त्यांनी पाहिलं होतं. विसळायची नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण उद्घाटनाचं भाषण कानात होतं. शिस्त लावायला आलेल्यांना आपण काय सांगायचं, म्हणून ते तोंडात मूग धरून बसले. विसळल्याने नक्की काय बिघडतं, ते त्यांनाही माहीत नव्हतं. तिचं पाणी स्वच्छ निघालं, तेव्हा ती खोटं वागते असंच त्यांना मनापासून वाटलं. काल काकांनी थेंबांचं कारण सांगितलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. आरोप तर लेखी देऊन झाला होता, आणि त्या बाटल्या तो खोटा पाडणार होत्या.

"ओतायलाच नेल्या होत्या," ते चष्मीकडे पाहून म्हणाले. "मोरीपाशी उभा राहिलो. हात उचलला गेला नाही. नमुना होता तो." मग थांबून म्हणाले, "तुझ्या आईला मी येऊन सांगतो. तू सांगू नकोस."

मला त्यांचा राग आला होता आणि अजूनही थोडा आहे. त्या क्षणी मात्र मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मी, मॅडम आणि दादा एकत्र त्या नळावर गेले. मीही गेले, मला कोण अडवणार? चष्मीने बाटली न विसळता भरली, वर बोटभर जागा ठेवली. कपडे धुणारी बाई म्हणाली, "आज बरं नाही सांडलंस." त्या पाण्याचा निकाल लागला तेव्हा ते घाणीने भरलेलं निघालं. पाण्याची घाण बघून चष्मीइतकं आनंदी झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. त्याच आठवड्यात पाइप खणला. गटाराशेजारी सांधा फुटलेला होता.

समितीने चष्मीवरचा आरोप लेखी मागे घेतला. दादांची बढती रोखली, आणि त्यांनी हूं की चूं केलं नाही. जोड चालू ठेवली, पण एका अटीवर : मॅडमनी महिन्यातून काही दिवस वस्तीत जायचं आणि दादांनी कॉलेजात वर्ग घ्यायचा.

पहिल्या वर्गाला दादा इस्त्रीचा शर्ट घालून आले. कपाळावर घाम होता. मॅडम शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. चष्मी पहिल्या. त्या दिवसानंतर ती दादांशी एक शब्द बोलली नव्हती.

दादांनी बाटली उचलून सर्वांना दाखवली. "ही विसळायची नाही," ते म्हणाले आणि पुढे काय बोलावं ते न सुचून थांबले.

चष्मीने हात वर केला.

"का, दादा?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग बाटली टेबलावर ठेवली, खडू घेतला आणि सांगायला लागले. तास संपल्याची घंटा झाली तरी ते सांगतच होते आणि कोणी उठलं नाही.